काच कुणालाच दिसत नाही, पक्ष्यांनाही नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पुणे परिसरातल्या बाणेर, बालेवाडी, खराडी, हिंजवडी या भागांत काचेने मढवलेल्या इमारतींच्या पायथ्याशी सकाळी मेलेले पक्षी सापडतात. बुलबुल, तांबट, शिंजीर, कोकिळा, खंड्या, आणि पावसाच्या तोंडावर नवरंग. कामावर माणसे येण्याआधी आवार झाडून झालेले असते, उरलेसुरले कावळे आणि मांजरे उचलतात, त्यामुळे ही गोष्ट फारशी कुणाच्या नजरेस पडत नाही. पडलीच तर ‘उन्हाने पडला असेल’ किंवा ‘आंधळा झाला असेल’ असे म्हणून विषय संपतो. पण पक्ष्याला उत्तम दिसते. समोर जे दिसले त्यावरून त्याने घेतलेला निर्णयही चुकीचा नसतो. चूक काचेत असते आणि ती सुधारता येते, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

स्वच्छ काच मुळात कुणालाच दिसत नाही, माणसालाही नाही. आपण ती भोवतालच्या खुणांवरून ओळखतो. ॲल्युमिनियमची चौकट, दाराची मूठ, बोटांचे डाग, आणि भिंतीला इथे उघडे भगदाड असणार नाही हा अनुभवातून आलेला अंदाज. या खुणा काढून घेतल्या की आपणही कपाळ आपटून घेतो. म्हणून तर बँकांच्या आणि ऑफिसांच्या काचेच्या दारांवर दुधी पट्टी किंवा ठिपके लावलेले असतात. पक्ष्याला चौकटीचा अर्थ ठाऊक नसतो. फांद्यांमधल्या मोकळ्या जागेतून तर तो दिवसभर ये-जा करत असतो. काचेत समोरच्या वडाचे प्रतिबिंब पडले असेल तर त्याच्या लेखी तिथे वड आहे. कोपऱ्यावर दोन काचा जुळल्या असतील आणि त्यांतून पलीकडचे आकाश दिसत असेल तर तिथे वाट आहे. गच्चीवरचे काचेचे कठडे आणि दोन इमारतींना जोडणारे काचेचे पूल हे याच दुसऱ्या प्रकारात मोडतात.

त्यात डोळ्यांची ठेवण वेगळी. बहुतेक पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. मागून झेपावणारा शिक्रा दिसावा म्हणून ही रचना सोयीची, पण दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी दिसणारा समोरचा पट्टा त्यामुळे अरुंद होतो. शिवाय खाली काय आहे हे पाहण्यासाठी उडता उडता मान कलती केली, तर काही क्षण समोरचे जवळजवळ काहीच दिसत नाही. मोकळ्या आकाशात त्याने काही बिघडत नाही, कारण तिथे वाटेत काही आडवे येण्याची शक्यताच नसते. बाकी बाबतींत त्यांची नजर आपल्यापेक्षा सरस आहे. आपल्या डोळ्यांत रंग टिपणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, पक्ष्यांच्या डोळ्यांत चार प्रकारच्या. काही छोट्या पक्ष्यांना प्रखर उजेडात सेकंदाला १३० पेक्षा जास्त लुकलुकी वेगवेगळ्या दिसतात. तरीही काचेपुढे या तीक्ष्णतेचा उपयोग होत नाही, कारण प्रतिबिंबातून येणारा प्रकाश हा त्या झाडाचाच प्रकाश असतो.

वेगाचा हिशेब पाहा. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. काचेपासून ३ मीटरवर उंबर असेल तर फांदी सोडल्यापासून धडकेपर्यंत पाव-अर्धा सेकंदच मिळतो. मान मोडून पक्षी मेला असे आपण म्हणतो, पण बहुधा मृत्यू डोक्याला मार लागून आत रक्तस्राव झाल्याने होतो. म्हणूनच धडकल्यावर उठून उडून गेलेला पक्षी वाचलाच असे धरता येत नाही. होला किंवा पारवा धडकला तर काचेवर त्याच्या पिसांवरच्या भुकटीचा पांढुरका ठसा उमटतो. तिरक्या उन्हात पाहिले तर पसरलेल्या पंखांची एकेक रेघ दिसते. असा ठसा जिथे सापडेल ती काच पक्षी मारते आहे असे समजावे, खाली काही पडलेले असो वा नसो.

आता उपाय. सर्वांत जास्त विकला जाणारा उपाय सर्वांत निरुपयोगी आहे. काचेवर चिकटवलेला घारीचा किंवा ससाण्याचा काळा आकार पक्ष्याला घार वाटत नाही, कारण तो हलत नाही. तो एक अडथळा म्हणून टाळला जातो आणि पक्षी त्याच्या वीतभर बाजूला आदळतो. आतून लावलेला पडदा किंवा आतल्या बाजूचे स्टिकर दिवसा प्रतिबिंबाखाली झाकले जातात. फक्त अतिनील किरण परतवणारी, माणसाला न दिसणारी स्टिकरेही भरवशाची नाहीत. कबुतरे आणि शिकारी पक्षी यांच्यासारख्या बऱ्याच जातींना तो प्रकाश नीट दिसत नाही आणि भल्या सकाळी तो असतोही कमी. उन्हापासून बचावासाठी पुण्यातल्या फ्लॅटांना सर्रास लावली जाणारी आरशासारखी चकचकीत फिल्म तर प्रतिबिंब आणखी ठळक करते. ती लावू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

उपयोगी पडते ती खूण बाहेरच्या बाजूने, संपूर्ण काचेवर आणि दाट केलेली. दोन खुणांमधले अंतर आडवे-उभे दोन्हीकडे ५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावे. हा आकडा पक्ष्याच्या अंदाजावर बेतलेला आहे. पुढच्या फटीतून अंग जाईल की नाही हे तो उडता उडता ठरवतो, आणि फट याहून मोठी असली तर छोटा पक्षी आत घुसायला बघतो. ठिपका निदान ६ मिलिमीटर व्यासाचा हवा, रेघ निदान ३ मिलिमीटर जाड. गडद झाडांच्या प्रतिबिंबावर पांढरी खूण उठून दिसते. काळी बहुतेक वेळा हरवते.

घरच्या घरी करायचे तर बाहेरून पांढऱ्या ऑइल पेंट मार्करने ठिपके काढावेत. नको झाले की ब्लेडने खरवडून निघतात. पोस्टर कलर स्वस्त, पण पहिल्या वळवात वाहून जातो. दुसरा चांगला मार्ग म्हणजे ३ ते ४ मिलिमीटर जाडीच्या नायलॉनच्या दोऱ्या. खिडकीच्या वर पट्टी ठोकून त्या काचेच्या बाहेर दर १० सेंटीमीटरवर लोंबत्या सोडाव्यात, खालचे टोक मोकळे ठेवावे. उभ्या आणि वाऱ्याने हलत्या असल्यामुळे त्यांना १० चे अंतर चालते. बाहेरून ताणून बसवलेली डासांची जाळी दोन्ही कामे करते. प्रतिबिंब मोडते आणि धडक झेलते. कबुतरांसाठी बाल्कनीला लावलेली जाळीही चालते, पण ती ताठ हवी. सैल किंवा फाटकी जाळी पक्ष्याचे पाय आणि पंख अडकवते, तेव्हा दर महिन्याला तिच्या कडा तपासाव्यात. ठिपक्यांची चिकटफिल्म लावणार असाल तर काच साबणाच्या पाण्याने धुऊन, कडा कोरड्या करून मगच लावावी. धूळ राहिली तर पहिल्या पावसात कडा सुटतात आणि मग पूर्ण पट्टा निघून येतो. पाण्याचे भांडे किंवा दाण्याची थाळी ठेवायची ती काचेपासून १ मीटरच्या आत. तिथून उडताना पक्ष्याने वेग घेतलेला नसतो. मधले ४-५ मीटरचे अंतर सर्वांत घातक.

बुलबुल किंवा दयाळ एकाच खिडकीवर किंवा गाडीच्या आरशावर तासन् तास चोची मारतो, ती गोष्ट निराळी. तिथे तो वाट शोधत नसतो, स्वतःच्या हद्दीत शिरलेल्या दुसऱ्या नराशी भांडत असतो. आरशातला ‘मीच’ हे ओळखणारे प्राणी थोडेच. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलप यांनी १९७० मध्ये चिंपांझींवर आरशात स्वतःला ओळखण्याची चाचणी केली. पक्ष्यांत युरोपातल्या मॅगपाय या कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्याने ती २००८ मध्ये पार केली. बुलबुलाच्या भांडणाला ठिपके पुरत नाहीत. विणीच्या हंगामात काच बाहेरून कागदाने आणि आरसा कापडी पिशवीने झाकावा.

कीटकांची फसगत आणखी वेगळी. चतुरांसारखे पाण्यात अंडी घालणारे कीटक पाणी ओळखतात ते पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशाच्या आडव्या ध्रुवणावरून, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः आडव्या दिशेत कंप पावतात यावरून. चकचकीत काळे बॉनेट आणि सोलर पॅनेल त्यांना तळ्यासारखेच दिसते आणि त्यावर घातलेली अंडी वाया जातात. हंगेरीचे संशोधक गाबोर होर्व्हाथ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की पॅनेलवर पांढऱ्या रेघांची चौकट आखली की ही ओढ बरीच कमी होते. पाषाण तलावाच्या परिसरात पॅनेल बसवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

धडकलेला पक्षी जिवंत सापडला तर मऊ कापडाने उचलून, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावा. खोके बंद, अंधारात, शांत जागी. चोचीत पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. दाणा नको, हाताळणे नको, फोटोसाठी झाकण उघडणे तर मुळीच नको. एक-दोन तासांनी झाडीजवळ, काचेपासून दूर खोके उघडावे. उडाला नाही किंवा पंख लोंबत असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

एकेका घराने हे करणे चांगलेच, पण मोठ्या काचा इमारत बांधतानाच ठरतात. शिकागोच्या मॅककॉर्मिक प्लेस या प्रदर्शन केंद्राच्या काचांवर आदळून ५ ऑक्टोबर २०२३ रोजी एका रात्री-सकाळीत सुमारे हजार पक्षी मेले. पुढच्या वर्षी तिथे काचेवर ठिपक्यांची फिल्म लावली आणि मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी घटले. एवढा स्पष्ट परिणाम दाखवणारे उपाय कमीच असतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी बांधकाम परवानगीत अट घालावी: झाडांच्या शेंड्यांच्या उंचीपर्यंत, म्हणजे साधारण पहिल्या चार मजल्यांच्या आणि गच्चीवरच्या बागेभोवतीच्या काचेवर ठिपके किंवा रेघा कारखान्यातूनच छापलेल्या असाव्यात. कारखान्यात भाजून छापलेली खूण धुतली जात नाही आणि सुटतही नाही. नवरंगासारखे पक्षी रात्री प्रवास करतात, म्हणून मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दर्शनी भागाचे शोभेचे दिवे रात्री अकरानंतर बंद ठेवण्याची अटही जोडावी.

उभ्या असलेल्या सोसायट्यांनी एकदम सगळी इमारत हाती घेऊ नये. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान बाहेर झाडांपाशी उभे राहून इमारतीकडे पाहावे. ज्या काचांत झाड स्पष्ट दिसते आणि ज्या कोपऱ्यांतून आरपार दिसते, त्या आधी घ्याव्यात. बऱ्याचदा अशा काचा मोजक्याच निघतात. काम मे महिना संपण्याआधी उरकावे, कारण फिल्मला कोरडी हवा लागते आणि नवरंग जूनच्या पहिल्या सरींबरोबर येतो.

आपला,
कोथरूड, पुणे येथील एक पक्षी-अभ्यासक