सीलबंद बाटली पकडता, मग उघडीचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की वर्तमानपत्रांत आंबोलीची दोन छायाचित्रं हमखास येतात. एक धबधब्याचं आणि दुसरं सोमवारी सकाळी गोळा केलेल्या रिकाम्या बाटल्यांचं. दुसऱ्याखाली पर्यटकांच्या बेशिस्तीबद्दल चार ओळी असतात. त्या बाटल्या घाटात पोचल्या कशा आणि धावत्या गाडीत कोणाच्या मांडीवर उघडल्या गेल्या, हे कोणी विचारत नाही. मी एसटीत चालक होतो. आंबोलीमार्गे कोल्हापूरच्या फेऱ्या किती केल्या याचा हिशेब नाही. उंचावर बसणाऱ्याला समोरच्या गाडीची अख्खी काच दिसते, म्हणून हे पत्र लिहितो आहे : चालत्या गाडीत उघडी बाटली हाताशी ठेवायलाच बंदी हवी.

एक प्रसंग सांगतो. जुलैची संध्याकाळ, घाटात धुकं, गाडी भरलेली. वळणावर समोरून एक मोठी गाडी वर चढत होती. शेजारी बसलेल्याने ग्लास पुढे केला आणि चालकाने तो घेतला. एक हात स्टिअरिंगवर, एक ग्लासावर, आणि नजर ग्लास सांडू नये म्हणून ग्लासात. मी गाडी डोंगराच्या बाजूला, गटारात चाक जाईल इतकी दाबली म्हणून निभावलं. कंडक्टरने फोन केला आणि पुढे कुठेतरी ती गाडी अडवलीही. दुसऱ्या दिवशी कळलं ते असं : चालकाने यंत्रात फुंकर मारली, आकडा तिसाच्या आत आला. बाकीचे चौघे तर्र होते, पण ते कुठे गाडी चालवत होते? बाटली अर्धी होती. ती त्यांच्याबरोबरच पुढे गेली.

यात कायद्याप्रमाणे काही चुकलं असं मला म्हणता येत नाही, आणि दुखणं तेच आहे. मोटार वाहन कायद्याचं १८५ कलम फक्त चालकाचं रक्त बघतं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गुन्हा. सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या खेपेला १० हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्या खेपेला १५ हजार किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आकडा कडक आहे, अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ८० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. पण यंत्र आत्ताचं सांगतं, घाट उतरेपर्यंतचं नाही. घेतलेली दारू रक्तात पुरती चढायला अर्धा-पाऊण तास लागतो, कधी त्याहून जास्त. पुढे काय होणार हे गाडीतल्या बाटलीवरून कळतं आणि १८५ कलमात बाटलीचा उल्लेखच नाही.

आता आमच्याकडची गंमत बघा. गोव्याकडून येताना इन्सुलीच्या नाक्यावर गाडीत गोवा बनावटीची सीलबंद दारू सापडली, तर गाडीसकट जप्ती होते आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते. ते बरोबरच आहे, राज्याचा महसूल बुडतो. पण सीलबंद बाटलीने आजवर कोणाला चिरडलेलं नाही. चिरडते ती उघडलेली, आणि ती दिसली की आपल्याकडचं ठरलेलं वाक्य असतं, ‘चला, संपवा ती लवकर आणि निघा.’

माझी मुलगी न्यू जर्सीत असते. नातवाच्या वेळी आम्ही दोघं तिकडे तीन महिने होतो. तिथे बऱ्याच हॉटेलांना दारूचा परवाना नसतो, लोक आपली वाइनची बाटली घरून घेऊन जातात. एकदा जेवण झाल्यावर जावईबापूंनी उरलेली बाटली बूच लावून थेट डिकीत टाकली. मी म्हटलं, पायाशी ठेवा की, आडवी होऊन सांडेल. ते म्हणाले, ‘बाबा, सांडली तर कार्पेट धुता येईल. पुढे ठेवली तर २०० डॉलर.’ त्यांनी त्या दिवशी घोटसुद्धा घेतला नव्हता. तरीही उघडलेली बाटली माणसं बसतात त्या भागात असणं, हाच गुन्हा. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९९८ मध्ये राज्यांना तसा कायदा करायला सांगितलं आणि जे राज्य करणार नाही त्याच्या रस्तेनिधीतला वाटा सुरक्षेच्या कामाकडे वळवला. मिसिसिपीसारखं एखादं राज्य अजून अडून आहे, पण बहुतेकांनी ऐकलं. आपल्या बोलेरो-सुमोला बंद डिकी नसते, ही अडचणही त्यांनी धरली आहे : अशा गाडीत बाटली शेवटच्या सीटच्या मागे ठेवायची. हात पोचला नाही पाहिजे, एवढंच.

त्यांची एक सवलत मात्र मला पटत नाही. भाड्याच्या गाडीत मागे बसलेल्या प्रवाशांना तिकडे प्यायला हरकत नसते. आपल्याकडे खरा धोका तिथेच आहे. टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन येणारी पोरं बावीस-पंचवीसची. गाडी मालकाची, भत्ता पार्टी देणार, वरची बक्षिशी पार्टीच्या मर्जीवर. पहाटे चारला पुण्याहून किंवा सांगलीहून निघालेला तो पोरगा दुपारी धबधब्यापाशी कंटाळून बसलेला असतो. मागून कोणीतरी प्रेमाने म्हणतं, ‘अरे ड्रायव्हरला पण द्या, तो पण माणूस आहे.’ नाही म्हटलं तर माजोरी ठरतो, घेतलं तर जबाबदारी त्याची. वऱ्हाडाच्या गाड्यांत तर विचारायलाच नको. आम्हा एसटीवाल्यांना निदान डेपोचा धाक होता. पूर्वी कंट्रोलर जवळ येऊन वास घ्यायचा, नंतर यंत्र आलं. या पोरांना धाक कोणाचा? त्याच मोटार वाहन कायद्यात १८८ कलम आहे. नशेत गाडी चालवायला जो चिथावणी देईल त्याला चालकाइतकीच शिक्षा. पण ‘मी दिली’ हे सिद्ध कोण करणार? उघडी बाटली मात्र सगळ्यांना दिसते.

‘गाडी आमची खासगी आहे’ असा वाद कोणी घालेल. बिहारच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे की सार्वजनिक रस्त्यावरून जाणारी खासगी गाडी त्या राज्याच्या दारूबंदी कायद्यापुरती सार्वजनिक जागाच धरावी. झारखंडहून पाटण्याला चाललेल्या लोकांना वाटेत नाक्यावर तपासलं होतं. बाटली नव्हतीच, नुसत्या श्वासात दारू सापडली. बिहारसारखी बंदी आपल्याकडे आणा असं मी म्हणत नाही, माझे मित्रच मला घाटात ढकलतील. पण दारू हा राज्याच्या अखत्यारीतला विषय आहे आणि १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून लागू आहे. त्यात पिणाऱ्याला परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो. ‘सील तोडलेली बाटली चालत्या वाहनात हाताशी ठेवणार नाही’ एवढी एक अट त्यावर टाकायला दिल्लीला जायची गरज नसावी.

२०१६ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद करण्याचा आदेश आला, तेव्हा आम्हाला वाटलं होतं की आता काही फरक पडेल. चार महिन्यांत लहान गावांसाठी ते अंतर २२० मीटर झालं, पुढे शहरांच्या हद्दीतल्या रस्त्यांना त्यातून सूट मिळाली. दुकान कुठे असावं यावर एवढा खल झाला. तिथून निघालेली बाटली गाडीत कुठे असावी, हे ठरवायचं राहून गेलं.

आंबोलीजवळच्या कावळेसाद पॉइंटला २०१७ च्या पावसाळ्यात दोन तरुण नशेत कठडा ओलांडून दरीत गेले. तो व्हिडिओ साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. ते गाडी चालवत नव्हते, हे खरं. पण त्या दिवशी कठड्यावरून परत फिरले असते, तर पुढे घाटाचीच वाट होती.

नवा नियम म्हणजे चिरीमिरीचं नवं कुरण, असंही कोणी म्हणेल, आणि माझ्या आयुष्यभराच्या अनुभवावरून मी त्याला खोटं पाडू शकत नाही. म्हणून दंड फोटोसकट ई-चलानने व्हावा, बाटली तिथल्या तिथे ओतून टाकावी आणि चालकाबरोबर ती ज्याच्या हाताशी सापडली त्याच्याही नावावर चलान निघावं. ‘ती माझी नाही’ असं चौघांनी म्हटलं तर चौघांच्या नावावर.

याची सूचना देणारा फलक लावायचाच असेल तर दाणोलीत लावा, घाट सुरू होण्याआधी, जिथे गाडी बाजूला घेऊन डिकी उघडायला जागा आहे. वर धबधब्यापाशी लावून उपयोग नाही. तिथे पोचेपर्यंत बाटली अर्धी झालेली असते.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक, सावंतवाडी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)