बायोमेडिकलच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात जाऊ द्या: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी गेली २२ वर्षे एका खासगी महाविद्यालयात बायोमेडिकल अभियांत्रिकी शिकवते. व्हेंटिलेटर, शिरेतून ठरावीक वेगाने औषध सोडणारा इन्फ्युजन पंप, डायलिसिस यंत्र कसे चालते, ते कसे तपासायचे आणि बिघडले तर रुग्णावर काय ओढवते, हा आमचा विषय. मात्र ही यंत्रे जिथे रात्रंदिवस चालतात, तिथे आमचा विद्यार्थी चार वर्षांत एखाद्या दिवसाच्या भेटीपलीकडे जात नाही. नर्सिंगच्या मुलींना पहिल्या वर्षापासून वॉर्ड असतो. आमच्या मुलांना प्रयोगशाळेतला सर्किट जोडायचा ब्रेडबोर्ड असतो.

काही वर्षांपूर्वी खटपट करून मी पाच विद्यार्थ्यांना एका सरकारी रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात नेले होते. तिथे बाळाला वरून ऊब देणारा एक रेडियंट वॉर्मर मॅन्युअल मोडवर, म्हणजे उष्णता हाताने ठरवून, चालू होता आणि बाळाच्या पोटावर चिकटवायचा तापमानाचा प्रोब गुंडाळून बाजूला ठेवलेला होता. मुलांनी लगेच निदान केले, ‘प्रोब बिघडलाय.’ सिस्टर म्हणाल्या, “प्रोब चांगला आहे हो, पट्टी टिकत नाही. बाळाची कातडी ओलसर, पट्टी सुटते. मग प्रोबला गार हवा लागते आणि यंत्राला वाटतं बाळच गार पडलंय. हीटर वाढतच जातो. त्यापेक्षा मी दर अर्ध्या तासाला हात लावून बघते.” प्रोबमधल्या तापमान टिपणाऱ्या थर्मिस्टरचा आलेख मी त्या मुलांकडून परीक्षेत अनेकदा काढून घेतला होता. खरी अडचण थर्मिस्टरमध्ये नसून दोन रुपयांच्या चिकटपट्टीत असू शकते, हे मात्र मी त्यांना कधीच शिकवले नव्हते, कारण मलाही ते त्याच दिवशी कळले. त्या गटाने शेवटच्या वर्षाचा प्रकल्प या पट्टीवरच केला. बाकीच्या गटांनी नेहमीप्रमाणे बाजारातला तयार सेन्सर आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डाला जोडून नाडीचे ठोके मोजले. असे प्रकल्प मी आजवर किती तपासले, याची मोजदाद मी सोडून दिली आहे.

जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बाळे दगावली. त्या आठवड्यात ऑनलाइन तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, ‘मॅडम, वॉर्डातल्या यंत्रांची विद्युत सुरक्षा नक्की कोण तपासतं?’ हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या उपकरणातून सामान्य स्थितीत रुग्णाच्या शरीरात १० मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त गळती प्रवाह (यंत्रातून नकळत झिरपणारी वीज) जाता कामा नये, हा आकडा सगळ्या वर्गाला पाठ होता. वापरातल्या यंत्राला सेफ्टी अॅनलायझर लावून तो प्रवाह मोजलेला मात्र त्यांच्यापैकी एकही नव्हता.

यात आडवी येते ती खात्यांची रचना. आमची महाविद्यालये आपल्या विभागाकडे, जिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. आमचे परवानगीचे पत्र या तीन दारांत फिरत राहते आणि तोवर सत्र संपते. शिवाय २०१५ पासून राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांतील उपकरणांची देखभाल बाहेरच्या संस्थांकडे सोपवण्याची पद्धत आली. तिच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. पण संस्थेचा अभियंता येतो, दुरुस्ती करतो, नोंदवहीत सही करतो आणि पुढच्या रुग्णालयाकडे निघतो. कोणाला शिकवणे हा त्याच्या कामाचा भाग ठरवलेला नसेल, तर त्याने तरी कशासाठी थांबावे?

असे काम महाराष्ट्रात होऊच शकत नाही, असे नाही. राज्य शासनाच्या अर्थसाहाय्याने २०१४ मध्ये आयआयटी मुंबईत बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र सुरू झाले, पुण्याच्या सीओईपी आणि नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थांपर्यंत त्याचा विस्तार झाला आणि डॉक्टर व अभियंते तिथे एकत्र बसून उपकरणे घडवू लागले. परंतु तिथपर्यंत पोहोचणारी मुले निवडक असतात, आणि मी बोलते आहे ती उरलेल्यांबद्दल.

माझी मागणी अशी की, तिन्ही विभागांनी मिळून एक शासन निर्णय काढावा आणि त्याद्वारे बायोमेडिकलच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षानंतरच्या सुटीत सरकारी रुग्णालयात सहा आठवड्यांची नेमणूक द्यावी. मुलांनी रुग्णाला जोडलेल्या यंत्राला हात लावू नये, हे उघडच आहे. पण डेडस्टॉक रजिस्टर (रुग्णालयाच्या सामानाची नोंदवही) आणि प्रत्यक्ष यंत्रे यांचा मेळ घालणे, निर्लेखनासाठी (निकामी ठरवून भंगारात) काढलेल्या पंपाचे केवळ बॅटरीमुळे तर मरण ओढवले नाही ना हे पाहणे, हृदयाला विजेचा झटका देणारा डिफिब्रिलेटर ५० ओहमच्या भारावर (रुग्णाच्या शरीराऐवजी जोडलेल्या चाचणीच्या रोधावर) खरोखर किती ऊर्जा देतो ते मोजणे, एवढे ती अभियंत्याच्या देखरेखीखाली नक्की करू शकतात. देखभालीच्या पुढील करारांत विद्यार्थ्यांना सोबत घेण्याचे कलम असावे. सिस्टर आणि तंत्रज्ञ आधीच कामाने पिचलेले आहेत, म्हणून त्यांच्या शिकवण्याच्या तासांना मानधन मिळावे. आणि आम्हा शिक्षकांचे वॉर्डातले तास कार्यभारात धरले जावेत, कारण आज पदोन्नतीच्या वेळी शोधनिबंध मोजले जातात, हे तास नाहीत.

उन्हाळी सुटीपूर्वी निर्णय झाल्यास पहिली तुकडी घेऊन मी स्वतः येईन. सेफ्टी अॅनलायझर आमच्या प्रयोगशाळेतला आणू. रुग्णालयाने फक्त एक टेबल आणि अर्थिंग असलेला प्लग द्यावा.

आपली नम्र,
बायोमेडिकल अभियांत्रिकीची एक शिक्षिका