बाबा, त्या चार टक्क्यांबद्दल

पुणे, नोव्हेंबर

प्रिय आई आणि बाबा,

जय ख्रिस्त.

फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्याचं उत्तर आईच देऊन टाकते, म्हणून पत्र लिहितेय. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा. आई, तुझं आधी वाचून झालं तरी त्यांना सारांश सांगू नकोस.

प्लॉट विकल्यापासून बाबांची झोप उडालीय असं आई म्हणाली. रात्री दोनला उठतात, कपाट उघडतात, पासबुक बघून परत ठेवतात. तो प्लॉट बायपासच्या कडेला बाभळी सांभाळत इतकी वर्षं पडून होता, तेव्हा त्याच्या काळजीनं तुम्ही कधी जागे राहिल्याचं मला आठवत नाही. पैसे खात्यात आले आणि सोबत भीतीही आली. त्यातच हे गृहस्थ. चर्चच्या मंडळीत पुढच्या बाकावर बसणारे, घरी आले की आधी डोळे मिटून प्रार्थना करणारे आणि ‘आमेन’ झाल्यावर पिशवीतून रंगीत कागद काढणारे. महिन्याला चार टक्के! बँकेत पैसा ठेवणं म्हणजे भीती आणि त्यांच्या योजनेत घालणं म्हणजे विश्वास, असं त्यांनी सांगितलं. त्यावर तुम्ही मला विचारलंत, “बाळ, एफडी करणं हा अविश्वास आहे का गं?”

नाही, बाबा. त्यांनी येशूच्या ज्या दाखल्याचा आधार घेतला, तोच उघडून बघा. धनी परदेशी जाताना चाकरांकडे पैसे सोपवतो. दोघं व्यापार करून दुप्पट करतात, तिसरा घाबरून जमिनीत पुरतो. तो तिसरा म्हणजे तुम्ही, असं त्यांना सुचवायचं होतं. पण मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातलं सत्ताविसावं वचन त्यांनी वाचलं नाही. धनी त्या चाकराला म्हणतो, निदान सावकारांकडे तरी ठेवायचे होतेस, मला व्याजासकट परत मिळाले असते. बँकेत नोकरी करणाऱ्या बाईला हे वचन किती गोड लागतं म्हणून सांगू!

आता हिशेब. महिन्याला चार म्हणजे वर्षाला अठ्ठेचाळीस. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सरकार सध्या ८.२ टक्के देतं आणि खात्रीच्या ठेवींमध्ये तेवढंही दुसरीकडे सहसा मिळत नाही. मग वरचे चाळीस टक्के कुठल्या धंद्यातून येणार? ते तुमच्यामागून येणाऱ्या माणसाच्या मुद्दलातून येतात. सुरुवातीचे हप्ते अगदी तारखेला मिळतात. ज्याला मिळाले तो मंडळीत उभा राहून साक्ष देतो, ती ऐकून आणखी चार घरं पैसे आणतात, आणि नवी घरं संपली की ऑफिसला कुलूप लागतं. आमच्या काउंटरवर एफडी मोडायला आलेली म्हातारी माणसं मी बघते. कशाला मोडताय विचारलं की नजर चुकवून “मुलाला द्यायचेत” म्हणतात. बँकेत काय सांगायचं हेही त्यांना पढवून पाठवलेलं असतं.

पण नुसता एवढाच प्रश्न असता तर मी फोनवर ओरडून सांगितलं असतं. तुमची झोप त्या गृहस्थांनी घालवलेली नाही, ते नंतर आले.

लूकच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वाटणी करून द्यायला सांगा. (आपल्या कोर्टाबाहेर आजही निम्मी गर्दी ह्याच माणसाची असते.) येशू वाटणीत पडत नाही, गोष्ट सांगतो. एका श्रीमंताच्या जमिनीला भरघोस पीक आलं. आता ह्यात त्याचा दोष काय? पीक चोरीचं नव्हतं. कोठारं मोठी बांधायची ठरवली, हाही गुन्हा नाही. योसेफानं मिसरात तेच केलं होतं. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवला आणि दुष्काळ पडल्यावर त्या कोठारांवर देशोदेशीची माणसं जगली. हा माणूस मात्र गोष्टभर एकटाच आहे. ‘काय करू?’ हे स्वतःलाच विचारतो आणि उत्तरही स्वतःलाच देतो. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल. गोष्टीत बायको नाही, गडी नाही, शेजारी नाही. पीक कापलं कुणी, कोठारं बांधणार कोण, हेही त्याच्या डोक्यात येत नाही. हे जिवा, पुष्कळ वर्षांचं साठवलंय, खा, पी, मजा कर, असं तो आपल्या जिवाला सांगतो. धान्य त्यानं मोजलं होतं, पण वर्षं कुणी मोजून दिली होती? त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो.

बाबा, रात्री दोनला तुम्ही पासबुक घेऊन बसता तेव्हा तुम्हीही एकटेच असता. आई शेजारच्या खोलीत असते आणि देव तर कुठेच गेलेला नसतो, पण त्या आकड्याशी तुम्ही एकटेच बोलत असता.

अनुदानाच्या घोळात तुमचा पगार महिनोन्‌महिने थकला होता, तेव्हा घरात साठवलेलं काहीच नव्हतं. आईचा दवाखान्यातला पगार, किराणा दुकानातली उधारीची लाल वही आणि ‘पोरी लहान आहेत’ म्हणून दुरडीत भाकरी झाकून आणणारी शेजारची मावशी, एवढ्यावर घर चाललं. त्या काळातही आई पगार झाला की आधी देवाचा दशांश बाजूला काढून बोर्नव्हिटाच्या डब्यात टाकायची. मी चिडायचे. डब्यात नोटा आहेत आणि माझ्या वह्या आणायच्या राहिल्यात, हे मला कळायचं नाही. पण तेव्हा तुम्ही घोरत होता, बाबा. पाठ टेकली की झोप.

ते दिवस सोन्याचे होते असं मात्र मी म्हणणार नाही. आईच्या बांगड्या गेल्या त्या गेल्याच. गरिबीला पवित्र म्हणणारी माणसं बहुधा पोटभर जेवून बोलतात. नीतिसूत्रांतल्या आगूरची प्रार्थना मला म्हणून पटते: मला दारिद्र्य देऊ नकोस आणि श्रीमंतीही देऊ नकोस. तृप्त झालो तर तुला विसरेन, कंगाल झालो तर चोरी करेन. बायबलमध्ये मध्यमवर्गाची म्हणावी अशी ही एकच प्रार्थना असेल, आणि आपण ती कधी म्हणत नाही.

आपल्या नगरचंच उदाहरण घ्या. नारायण वामन टिळकांबद्दल तुम्ही नेहमी भरभरून बोलता. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. थोर माणूस, वादच नाही. पण त्यांच्या हातात पैसा टिकत नसे आणि संसार रेटायचा बायकोनं, लक्ष्मीबाईंनी. त्यांनी ते हसत हसत लिहून ठेवलंय, पण वाचताना माझ्या मनात येतं की टिळकांच्या विश्वासाचं बिल बऱ्याचदा लक्ष्मीबाईंनी भरलं. पंडिता रमाबाईंची रीत मला जास्त जवळची वाटते. केडगावला (आपल्या नगरजवळचं नव्हे, दौंडकडचं) त्यांनी १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुलींना आणलं. देव पुरवील असा विश्वास त्यांचाही होता आणि त्यासाठी त्या प्रार्थनेत तासन्‌तास बसत. पण त्यांनी तिथे विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला, मुलींना कामं शिकवली. विहीर खणणाऱ्या बाईला कुणी अविश्वासू म्हटलं नाही.

आई, आता तुझ्याकडे वळते. तू गप्प बसून वाचते आहेस, पण टीव्हीवरच्या त्या प्रचारकांना पैसे पाठवायचं तुझ्या मनात आहे हे मला माहीत आहे. ‘बी पेरा, शंभरपट घ्या.’ तू म्हणशील, बायबलमधल्या विधवेनं मंदिराच्या दानपेटीत आपल्या दोन टोल्या, म्हणजे होती तेवढी दोनच नाणी, टाकल्याच ना, सगळी उपजीविका टाकली. टाकली. पण मार्काच्या बाराव्या अध्यायात त्याच्या दोनच वचनं आधी येशू काय म्हणतो ते वाच. शास्त्री लोक विधवांची घरं गिळतात आणि वर लांबलचक प्रार्थना करतात, असं तो म्हणतो. त्या बाईचं कौतुक करताना तिचं घर गिळणाऱ्यांना त्यानं सोडलेलं नाही. आणि देणं आहेच, ते मी कोण थांबवणार? पण ज्याचं तोंड आपल्याला दिसतं त्याला दे. तुमच्या गल्लीत कुणाच्या पोरीची नर्सिंगची फी अडलेली असेल, ती मावशी आता एकटी असेल. शंभरपट परत मिळावं म्हणून टाकलेला पैसा मला तरी दान वाटत नाही. आमच्या भाषेत ती गुंतवणूक, आणि तीही विनातारण.

पैशाची खरी लायकी मला कुठे दिसते सांगू? चर्चमधल्या कापणीच्या सणाच्या लिलावात. एक डीकन हातात लिंबू धरून उभा आहे, शंभर, दोनशे, अडीचशे, मागून कुणीतरी ‘पाचशे’ ओरडतं, सगळे हसतात, पाचशे देऊन तो माणूस लिंबू परत टेबलावर ठेवतो आणि त्याच लिंबाचा लिलाव पुन्हा सुरू होतो. बाजूला पाय बांधलेली कोंबडी ओरडतेय, भोपळे, बाजरीची कणसं, अंडी मांडलीत. बाहेर त्या पाचशेसाठी भांडणारी माणसं त्या मांडवात त्याच पाचशेला हसतात. बाबा, तुम्ही तर एकदा जोशात बोली लावून बसलात आणि खिशात पैसेच नव्हते. आईनं पदराची गाठ सोडली.

पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात श्रीमंतांसाठी निरोप आहे. सगळं टाकून द्या असं तो म्हणत नाही. धनाचा भरवसा नसतो, त्यावर आशा ठेवू नका, देवावर ठेवा, असं म्हणतो, आणि पुढे म्हणतो की तो देव आपल्याला सगळं उपभोगासाठी देतो. उपभोगासाठी, बाबा. म्हणजे कानाचं यंत्र घ्यायचं. ‘ह्या वयात कशाला’ हे मी ऐकणार नाही. आईच्या गुडघ्याचं डॉक्टरांनी सांगितलंय ते करून घ्यायचं. आमच्यासाठी राखून ठेवण्याच्या भानगडीत पडू नका. आम्ही दोघी कमावतो, आणि तुमच्या मागं आम्ही त्या लूकमधल्या भावांसारखं भांडावं अशी तुमची इच्छा नसावी.

पुढचं मी बघते. आधी सीएकडून प्लॉटच्या भांडवली नफ्याचा कर काढून घेऊ. कैसराचं ते कैसराला. उरलेले दोघांच्या नावांनी पोस्टात टाकू. एका माणसाला तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, आणि पूर्ण तीस ठेवले तर दर तीन महिन्यांनी ६१,५०० रुपये खात्यात येतात. आपले तेवढे भरणार नाहीत, पण दोघांचं औषधपाणी आरामात निघेल. थोडे बँकेत हाताशी ठेवू, पण एका बँकेत एका नावावर व्याजासकट पाच लाखांच्या आत, कारण ठेवविमा तेवढ्यालाच आहे. पतसंस्थेत एक रुपयाही नको. चेअरमन कितीही ओळखीचा असू दे, पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा नाही. खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं, आणि नॉमिनेशन भरलेलं हवं. आणि दशांश काढून ठेवा. त्यावर माझं काही म्हणणं नाही, डबा मी नवीन आणते.

हे सगळं केलं की झोप येईल असं वचन मी देत नाही. पोस्टही सरकारचं आहे, स्वर्गाचं नाही. पण पैसा त्याच्या जागी जाऊन बसला की रात्री दोनला त्याला भेटायला उठायचं कारण राहणार नाही. आणि जाग आलीच तर आईला उठवा, पासबुकाला नको. ती आधी चिडेल, मग चहा करेल.

मी शनिवारी दुपारच्या एसटीनं येते. दोघांची आधार आणि पॅनकार्डं, फोटो आणि विक्रीचे कागद काढून ठेवा. तोवर कुठल्याही कागदावर सही करू नका, प्रार्थना करून दिला तरी. त्या गृहस्थांना रविवारी उपासनेनंतर चहाला बोलवा. येताना योजनेचं नोंदणीपत्र घेऊन या म्हणावं, मुलीला बघायचंय.

तुमची,
धाकटी