रविवारी रात्री मेस बंद असते

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, पुणे
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय भावड्या,

विसर्जनाचे फोटो बघून तू फोनवर विचारलंस, "लेका, तुम्ही लोक अभ्यास करता तरी कधी?" मागे गोंधळ चालू होता, मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. आज रविवार, रात्रीची मेस बंद. रूममेट पावभाजी खायला गेलेत आणि मी तुला लिहायचं म्हणून मागे राहिलोय.

सातारा सोडायच्या आदल्या दिवशी आपण चार भिंतीच्या टेकडीवर बसलो होतो, आठवतं? तुला दुकान टाकून येता येणार नव्हतं. आबांनी माझ्यासाठी सोसायटीचं कर्ज काढलं होतं. तेव्हा ठरवूनच आलो, पुण्यात अभ्यास सोडून दुसरं काही करायचं नाही. पहिलं सेमिस्टर तसंच काढलं. सकाळी जयकर ग्रंथालयात जागा धरायची, लेक्चरला जायचं, परत येऊन बसायचं. दिवसभरात तोंड उघडायचं ते मेसच्या मावशींना "अजून एक पोळी द्या" म्हणण्यापुरतं. डिसेंबरात चार दिवस तापाने पडलो, तेव्हा आपण कुणालाच माहीत नाही हे कळलं. पाचव्या दिवशी वर्गातला नंदुरबारचा मुलगा चार दिवसांच्या नोट्स घेऊन दारात उभा राहिला. तोवर आम्ही एकमेकांशी धड बोललोही नव्हतो. त्याच्याबरोबर चहाला गेलो आणि दोन तास बसलो.

त्यानंतर माझा दिवस बदलला. सकाळचा अभ्यास मी अजून कुणाला देत नाही. दुपारी ‘कमवा आणि शिका’ योजनेत विभागाच्या ग्रंथालयात तीन तास पुस्तकं लावतो. १९४७ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी आपल्या साताऱ्यातलं छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, त्याचा पायाच ही योजना होती. हे इथल्या पोरांना मी अभिमानाने सांगतो. कामाचे पैसे फार नाहीत, पण मेसला त्यांचा हातभार लागतो आणि आबांकडे एक हप्ता कमी मागावा लागतो. संध्याकाळी चौघं मिळून गणितं सोडवतो. संख्याशास्त्रातली एखादी सिद्धता तीनदा वाचून कळत नाही, ती नंदुरबारवाला चहाच्या टेबलावर बोटाने गिरवून दाखवतो आणि कळते. याला अभ्यास म्हणायचं की गप्पा, मला खरंच सांगता येत नाही.

मग जूनमध्ये ढोल पथकात गेलो. हे शेवटचं वर्ष, पुढच्या गणपतीत मी कुठे असेन कोण जाणे. रोज संध्याकाळी नदीकाठी सराव. पहिल्या आठवड्यात टिपरूने उजव्या हाताला फोड आले, कमरेला बांधलेल्या ढोलाच्या दोरीने कातडी सोलली. पण साठ-सत्तर ढोल एका हातावर आले की छातीत जे होतं ना गड्या, ते लिहून कळायचं नाही. तू पाहिजे होतास. दहा वाजता खोलीवर यायचं आणि पुस्तक उघडून त्याच पानावर झोपायचं. दोन महिने मी स्वतःला सांगत राहिलो, होईल, गणपती झाले की सगळं भरून काढू.

अनंत चतुर्दशी शनिवारी होती, सहा तारखेला. लक्ष्मी रोडवर वाजवलं, रविवारी पहाटे परत आलो, दिवसभर झोपलो. सोमवारी अंतर्गत परीक्षा. २० पैकी ७ मिळाले.

हे घरी सांगितलेलं नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतोय. पेपर हातात आला तेव्हा आबांची सोसायटीतली सही डोळ्यांपुढे आली. सरांनी रागावून घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "बरं आहे ना सगळं?"

नंदुरबारवाल्याने माझ्याकडून काही कबूल करून घेतलं नाही. तीन रात्री माझ्याबरोबर बसला, पहिल्या प्रकरणापासून. त्याचाही पेपर तोंडावर आहे. ही मैत्री मी पथकात गेलो म्हणून मिळालेली नाही आणि फक्त ग्रंथालयात बसून राहिलो असतो तरी मिळाली नसती. दुसरी अंतर्गत परीक्षा ऑक्टोबरात आहे. तोवर संध्याकाळी कुठे जाणार नाही, रविवार सोडून. पथकात गेल्याचा पस्तावा मात्र मला नाही, आणि तुझ्याशी खोटं बोलणार नाही.

एक गोष्ट सलते. सरावाच्या दिवसांत तुझे फोन घेतले नाहीत. काकांना दवाखान्यात ठेवलं होतं हे मला आईकडून कळलं. नवी माणसं जोडता जोडता तुझी खबर घ्यायची राहिली, याची मला लाज वाटते. काकांचं आता कसं आहे, सविस्तर लिही. दुकानात दिवसभर एकटाच बसतोस का?

पुढच्या शनिवारी दुकान धाकट्यावर टाकून येता येईल का? दुपारची एसटी धर, स्वारगेटला मी घ्यायला येतो. रविवारी दुपारी मेसला फीस्ट असते, पाहुण्याचं कूपन मी काढून ठेवतो. रात्री आपण चौघं बाहेर जेवू. नंदुरबारवाल्याने कंदी पेढे कधी खाल्लेले नाहीत, पावशेर आण.

तुझाच,
बाकावरचा शेजारी