पिकगार्ड काढण्याआधी खाली डोकवा

संपादक महोदय,

फेस्तांच्या आणि जत्रांच्या रंगमंचांवर हल्ली पिकगार्ड, म्हणजे तारांखाली बॉडीवर स्क्रूने बसवलेली प्लास्टिकची पट्टी, नसलेल्या बास गिटारी बऱ्याच दिसतात. दिसतात देखण्या, यात वाद नाही. प्लास्टिक गेले की लाकडाचे रेषे सलग दिसतात, हात टेकतो तिथला उतारही नजरेत भरतो. म्हणून अनेक तरुण वादक घरीच स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतात. त्यांच्यासाठी हे पत्र.

फेंडर कंपनीची दोन प्रसिद्ध मॉडेले म्हणजे प्रिसिजन बास आणि जॅझ बास. प्रिसिजन बासचे पिकगार्ड काढू नये. १९५७ नंतरच्या रचनेत व्हॉल्यूम आणि टोनची बटणे आणि जॅक (केबल लावायचे भोक) त्याच्यावरच बसवलेले असतात. ते काढले की पॉट (बटणांखालचे विजेचे भाग) लोंबकळतात, खालचा खड्डा उघडा पडतो. जॅझ बासची बटणे वेगळ्या धातूच्या पट्टीवर असतात, त्यामुळे पिकगार्ड नसले तरी तो वाजतो. प्रसिद्ध अमेरिकन बासवादक जाको पास्टोरियस आपला १९६२ चा जॅझ बास असाच वाजवत. मात्र काही बॉडींत पुढच्या पिकअपची (तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकी भागाची) वायर पिकगार्डखालच्या उघड्या चरातून जाते. तेव्हा तारा सैल करून, स्क्रू काढून आधी फक्त उचलून पाहा. चर दिसली तर परत बसवा.

आपल्याकडे खाऱ्या हवेने आणि पावसाळ्याने स्क्रू गंजून घट्ट बसतात. जोर लावला की खाच झिजते, मग डोकेच तुटते. सोल्डरिंग आयर्नचे गरम टोक दहा-पंधरा सेकंद फक्त स्क्रूच्या डोक्यावर धरा आणि थोडे निवल्यावर नेमक्या मापाच्या स्क्रूड्रायव्हरने फिरवा. जुन्या सेल्युलॉईडच्या पिकगार्डवर मात्र हे करू नका, ते पेट घेते.

प्लास्टिकखाली जुना रंग निघेल. नायट्रोसेल्युलोज लॅकर (जुन्या गिटारींवरचा चकचकीत थर) उन्हात पिवळे पडते, झाकलेला भाग तसाच राहतो. हा डाग पॉलिशने जात नाही. स्क्रूची दहाएक भोकेही उरतात. ती टूथपिक आणि लाकडाच्या गोंदाने बुजवता येतात, पण रंगीत बॉडीवर ठिपके दिसतातच. आमचे मत, ती मोकळीच ठेवा आणि पिकगार्ड स्क्रूंसकट जपून ठेवा. प्लेक्ट्रमने (तार छेडायच्या छोट्या चकतीने) वाजवणाऱ्यांनी तर ते काढूच नये, तारांखाली चरे पडतात.

उघडे लाकूडच हवे असेल तर वाद्य घेतानाच उलटे करून पाहा. मागे छोटे झाकण असेल तर पॉट बहुधा तिथूनच बसवलेले असतात आणि पुढे पिकगार्डची गरज नसते. वाद्यविक्रेत्यांनी गिऱ्हाईकाला एवढे आवर्जून दाखवावे, ही विनंती.

– बास दुरुस्त करणारे वाचक, फोंडा