प्रश्न मराठीत विचारू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका शनिवारी जळगावात सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची एक दिवसाची परिषद झाली. मी फैजपूरहून सकाळची पहिली एसटी धरून भुसावळमार्गे गेले. अशा परिषदांविषयी आजवर ऐकलं ते पुण्याचं आणि बंगळुरूचं. आपल्या जिल्ह्यात होतेय म्हटल्यावर आदल्या रात्री मला झोप लागली नव्हती.

मी केळी व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचे प्रोग्रॅम लिहिते. मालाचा काटा, म्हणजे वजन, झालं की माल नवती (नव्या लागवडीचा), पिलबाग (पिलांपासून वाढवलेल्या बागेचा) की वापसी (हलक्या प्रतीचा), वजन किती, भाव काय, उचल किती घेतली, हे सगळं जुळवून शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी पडते. ती पट्टी छापणारा प्रोग्रॅम माझा. नऊ वर्षं हे काम घरातूनच करते. गावात हे काम करणारं दुसरं कोणी माझ्या माहितीत नाही, त्यामुळे अडलं की विचारायला माणूस नसतो. परिषदेला गेले ती त्यासाठीच.

आयोजक मुलं पंचविशीतली. खिशातले पैसे घालून, रात्री जागून त्यांनी हॉल, जेवण, वायफाय सगळं उभं केलं होतं. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि हे पत्र त्यांना नावं ठेवायला लिहीत नाही. पण एक गोष्ट मनाला लागली ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

उद्घाटनाच्या भाषणात विप्रोची आठवण निघाली. १९४५ साली आपल्याच जिल्ह्यातल्या अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्यातून सुरू झालेली ही कंपनी, टाळ्या पडायच्याच. मीही वाजवल्या. पण ते भाषण इंग्रजीत होतं. त्यानंतर मी ऐकलेली सगळी सत्रंही इंग्रजीतच झाली. बोलणारे बहुतेक आपल्याकडचेच, ऐकणारे तर सगळेच. क्लाउडवरच्या (म्हणजे डेटा नेटवरून दूरच्या कॉम्प्युटरवर ठेवण्याच्या) सत्रानंतर 'एनी क्वेश्चन्स?' म्हणून माइक फिरला, तेव्हा दोनशे माणसांतून दोन हात वर झाले.

माझ्या शेजारी रावेर तालुक्यातली बीसीएच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी बसली होती. तिने वहीत प्रश्न मराठीत लिहिला होता. चांगला प्रश्न होता: गावात नेट दिवसातून चारदा जातं, मग सगळा डेटा क्लाउडवर ठेवला तर दुकानदाराने त्या वेळात बिल कसं करायचं? त्याखाली ती इंग्रजी वाक्य जुळवत होती. एक लिहिलं, खोडलं. दुसरं लिहिलं, तेही खोडलं. चौथ्या वेळी जमलं असं वाटलं, तोवर माइक स्टेजवर परत गेला होता. तिने वही मिटली. मी तिला म्हटलं, मराठीतच विचार की. ती म्हणाली, 'इथे चालेल का, ताई?' तिला 'चालेल' म्हणून ठाम सांगता आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तोच प्रश्न मलाही पडतो. केळीच्या काट्यावर नेटची वाट बघत ट्रक उभा करून चालत नाही. म्हणून माझा प्रोग्रॅम आधी काट्यावरच्या कॉम्प्युटरवर नोंद करतो आणि नेट आलं की वर पाठवतो. यावर त्या हॉलमध्ये अर्धा तास चर्चा झाली असती. झाली नाही.

खरी परिषद भरली जेवणाच्या वेळी. वरण-बट्टीचं ताट हातात घेऊन मी धुळ्याच्या एका मुलाला माझं जुनं दुखणं सांगितलं. पट्टी छापायला आम्ही लहान थर्मल प्रिंटर वापरतो. त्याच्या आत बसवलेल्या अक्षरांत देवनागरी नसते, म्हणून 'क्विंटल'च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. वर्षभर मी पट्टीवर 'केळी' इंग्रजी अक्षरांत छापत होते. (बोलताना आम्ही 'केयी' म्हणतो, पण कागदावर 'केळी'च पाहिजे.) त्याने घास तसाच धरून अहिराणीत सांगितलं, 'ताई, अक्षर नका धाडू, फोटू धाडा.' म्हणजे ओळ आधी कॉम्प्युटरवर नीट जुळवायची आणि तिचं काळं-पांढरं चित्र करून प्रिंटरला द्यायचं. रविवारी बसून केलं. सोमवारी पहिली मराठी पट्टी निघाली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ती नातवाच्या हाती न देता स्वतः वाचली.

तिथेच आणखी एकाने सांगितलं की 'क्विंटल' आपल्या डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या ठरलेल्या पद्धतीत, ती सात खुणा म्हणून साठवली जातात. रकाना भरला म्हणून प्रोग्रॅमने मध्येच ओळ तोडली तर मात्रा एकीकडे नि अक्षर दुसरीकडे जातं. माझ्याकडे शेतकऱ्यांची नावं अर्धवट छापली जायची त्याचं कारण मला तेव्हा कळलं. कोणी म्हणालं, नावं अकारविल्हे लावताना 'ळ' हा 'ल'च्या लगेच नंतर येऊन बसतो, मुळाक्षरांत मात्र तो 'ह'च्या नंतर असतो. यातलं काहीही स्टेजवर आलं नाही. हे आपल्याच माणसांना पडणारे आणि आपल्याच माणसांनी सोडवलेले प्रश्न आहेत, आणि ते बट्टीच्या पंगतीत संपले.

इंग्रजी नको असं मी म्हणत नाही. माहितीपुस्तकं इंग्रजीतच असतात, मीही रोज वाचते. सर्व्हर, लूप, डेटाबेस या शब्दांना ओढूनताणून मराठी प्रतिशब्द शोधा असंही नाही. पण इंग्रजी वाचणं वेगळं आणि भरल्या हॉलमध्ये उभं राहून आपली अडचण इंग्रजीत मांडणं वेगळं. बाहेरचा पाहुणा इंग्रजीत बोलला तर बोलू द्या. आपल्यातल्याने आपल्याशी मराठीत बोलावं, आणि माइक फिरवताना आयोजकांनी एकदा मोठ्याने सांगावं की प्रश्न मराठीत, अहिराणीत, जसा येईल तसा विचारा. याला एक पैसाही लागत नाही.

दुसरी विनंती जागेची. संध्याकाळच्या शेवटच्या सत्राला मला थांबता आलं नाही, यावल-रावेरकडच्या मुलीही उठून गेल्या, कारण उशिराची एसटी नाही. पुढची परिषद तालुक्याच्या गावी घेता येईल का? १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरलं, ते आमच्या फैजपूरला. नेहरू अध्यक्ष होते, आणि चित्रकार नंदलाल बोसांनी मंडप सजवला तो बांबूसारख्या इथल्याच सामानाने. तेवढी माणसं तेव्हा फैजपूरपर्यंत आली. दोनशे माणसांची सोय आजही होईल.

आयोजकांपर्यंत हे पत्र पोहोचलं तर एवढंच सांगते: पुढच्या वेळी मला अर्धा तास द्या. थर्मल प्रिंटर मी घरून आणते, मराठी पट्टी कशी छापायची ते सगळ्यांसमोर करून दाखवते, आणि त्या रावेरच्या मुलीचा प्रश्न पहिला घेते.

आपली,
केळीच्या पट्टीचा प्रोग्रॅम लिहिणारी एक वाचक
फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव