मुक्तिनाथ पदयात्रा: रविवारी मार्लेश्वरला सराव

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ६ वाजता देवरूख एसटी स्टँडवर जमायचं आहे. मार्लेश्वरच्या पायऱ्या भरलेली सॅक घेऊन चढायच्या. रिकामी सॅक लगेच कळते!

- १५ ते ६५ वयाच्यांना नेपाळसाठी आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्राची प्रत रविवारीच द्या.
- मुक्तिनाथ सुमारे ३,७०० मीटरवर आहे आणि आपण समुद्रकाठची माणसं. तिथे डोकं दुखलं, मळमळलं तर लपवू नका. बीपीवाल्यांनी डॉक्टरांना आधीच विचारावं.
- मंदिरामागच्या पाण्याच्या १०८ धारांखालची आंघोळ ऐच्छिक. पाणी बर्फगार असतं.

हे बौद्धांचंही तीर्थ आहे, पूजेला भिक्षुणी असतात. वाटेतली मणी-भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत) उजव्या हाताला ठेवूनच चालायचं.

रविवारी न येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा.